हिंदमाताला पाणी तुंबते, गावाकडे धान करपते

हिंदमाता चौकात पावसाळ्याचे एक ठरलेले दृश्य आहे. दोन तास मुसळधार पाऊस झाला, त्यात भरती आली, की कापड दुकानदार खालच्या फळीवरचे तागे वर चढवू लागतात आणि दादरहून परळकडे जाणाऱ्या बसगाड्या उड्डाणपुलावरून वळवल्या जातात. २०२१ पासून प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवणाऱ्या टाक्या झाल्या. आता पाणी लवकर ओसरते, पण नायगाव-परळच्या माणसाला पाऊस म्हटले की आधी हिंदमाताच आठवते.

याच माणसाने त्याच दिवशी गावी फोन लावला, तर भंडारा-गोंदियाकडचा भाऊ विचारतो, "तुमच्याकडे पडतो आहे का रे? आमच्याकडे बांधीला भेगा पडल्या." यात नवल काही नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. एका शहरात, एका दिवसात एवढा फरक पडतो, तर राज्याच्या दोन टोकांचे काय बोलायचे! २०२३ चा ऑगस्ट तर देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. जून-जुलैत रोवणी उरकलेली आणि ऐन पावसाळ्यात आभाळ स्वच्छ. वर्षाची सरासरी नंतर भरून निघाली तरी त्या तीन आठवड्यांत शेतात जे व्हायचे ते होऊन जाते.

"दुष्काळात तग धरणारे भात" ही बातमी अधूनमधून आपल्या वाचनात येते. कधी जनुक सापडल्याची, कधी नवे वाण आल्याची. ती बातमी नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्याशी आपला संबंध वरवरचा नाही. भाताची सिंचनाखालची, कालव्याजवळची जमीन कोणाकडे असते आणि उतारावरची, पावसावर सोडलेली जमीन कोणाच्या वाट्याला आलेली असते, हे सांगायला कोणी तज्ज्ञ नको. कोकणात खोताच्या जमिनीवर भात पिकवणारी कुळे पोट भरेना म्हणून गिरणगावात आली. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, ते याच कुळांसाठी. पूर्व विदर्भातल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातही दीड-दोन एकरांवर धान घेणारी हजारो घरे आहेत. एका वर्षाचे धान गेले, तर त्या घरात पुढच्या वर्षीचे बियाणे आणि मुलीची फी दोन्ही अडतात.

आता भाताच्या रोपाकडे येऊ.

भात हे दलदलीत वाढलेल्या गवताचे वंशज. मूळ उथळ, पाण्याची सवय लागलेले. शेतात एक किलो साळ तयार व्हायला पाऊस आणि सिंचन मिळून साधारण अडीच हजार लिटर पाणी लागते, असा फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांचा अंदाज आहे. यातले सगळे पाणी रोप पीत नाही. बरेचसे जमिनीत मुरते, उडून जाते. म्हणूनच खाचराला बांध घालायचा, चिखलणी करायची, पाणी अडवायचे. ही रीत किती जुनी असावी? भिक्खूंच्या चीवराची शिवण मगधातल्या बांधांनी आखलेल्या शेतांवरून घेतली, तथागतांनी ती शेते आनंदाला दाखवली, असे विनयात आले आहे. पुढच्या वेळी चीवराचे तुकडे नीट पाहा, खाचरांचा नकाशाच दिसेल.

पाणी तुटले की रोपाला कधी सर्वाधिक लागते? लहान असताना नव्हे. रोप लहान असताना आठ-दहा दिवस ओढ बसली तर ते पिवळे पडते, खुजे राहते, पण पाऊस आला की बरेचसे सावरते. खरा घाव बसतो तो पोटरीत आणि फुलोऱ्यात. लोंबी पानाच्या आवरणातून बाहेर पडण्याच्या सुमारास पाणी नसेल तर ती अर्धवट अडकते, परागकण निकामी होतात, फलन होत नाही. बाहेरून पीक हिरवेगार दिसते, शेजारी म्हणतो "छान आहे", आणि कापणीला हातात येतात पोचट दाणे. पंचनाम्याच्या वेळी हे दुःख समजावून सांगणे फार अवघड जाते, कारण शेत तर उभे असते!

कोरडेपणाशी सामना करण्याच्या भाताच्या तऱ्हा तीन. पहिली, दुष्काळ यायच्या आत आटोपून मोकळे होणे. दुसरी, मूळ खोल नेऊन किंवा पानांतून पाणी कमी सोडून स्वतःला कोरडे पडू न देणे. तिसरी, आत कोरडे पडले तरी पेशी न मरू देणे. पहिली तऱ्हा आपल्या आजी-आजोबांना पाठ होती. कोकणात हळवे, निमगरवे आणि गरवे असे भाताचे प्रकार असतात. लवकर येणारे हळवे वरकस जागी, उशिरा येणारे गरवे खोलगट, पाणी धरणाऱ्या खाचरात. परतीच्या पावसाने दगा दिला तर निदान हळवे घरात आलेले असते. कोणत्याही विद्यापीठाच्या आधी झालेले हे नियोजन आहे. त्याची किंमत मात्र अशी, की हळव्या भाताचा उतारा कमी असतो. पावसाळा चांगला गेला तर शेतकऱ्याला चुटपुट लागते.

मग जास्त उतारा देणाऱ्या जाती आल्या. १९६६ मध्ये आयआर ८, पुढे १९८५ मध्ये आयआर ६४. बुटके ताट, खत दिले तरी लोळत नाही, दाणे भरपूर. देशाची उपासमार टळायला त्यांचा हातभार मोठा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांची निवड झाली ती पाण्याने भरलेल्या शेतांत. कोरड्या वर्षी काय होईल, हे पाहिलेच गेले नाही.

यामागे एक गंमतशीर, खरे तर चटका लावणारी गोष्ट पुढे उघड झाली. भाताला गुणसूत्रांच्या बारा जोड्या असतात. पहिल्या गुणसूत्रावर ताट बुटके करणारे जनुक आहे. त्याच्या अगदी शेजारी, कोरड्यात उत्पन्न टिकवणारा एक पट्टा आहे. जुन्या उंच जातींत हा पट्टा आणि उंची एकत्र चालत आलेली. शास्त्रज्ञांनी पिढ्यान्‌पिढ्या बुटकी रोपे निवडली, तेव्हा त्यांना नकळत शेजारचा तो पट्टाही हातचा गेला. २०१५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. उंचीपासून तो पट्टा सुटा करता येतो, हेही त्यात दाखवले. म्हणजे "जुनी जात दुष्काळात टिकते, नवी टिकत नाही" हे गावातले म्हातारे सांगत होते, ते भाबडेपण नव्हते.

हे पट्टे शोधतात कसे? चाळीतले उदाहरण घ्या. तुम्हाला एका बिऱ्हाडी जायचे आहे, पण दारावर नाव नाही. कोणी सांगितले, "दुसऱ्या माळ्यावर, निळ्या दरवाजाच्या शेजारी." आता तुम्ही नाव न शोधता निळा दरवाजा शोधता. रोपाच्या जनुकसाखळीतही अशा ओळखू येणाऱ्या खुणा असतात. २००५ मध्ये भाताची संपूर्ण जनुकसाखळी वाचून झाली, भारतातल्या शास्त्रज्ञांनी त्यात अकराव्या गुणसूत्राचा काही भाग वाचला. सुमारे ३९ कोटी अक्षरांचा तो मजकूर. त्यानंतर अशा खुणा शोधणे सोपे झाले. दोन जातींचा संकर करायचा, शेकडो रोपांना मुद्दाम फुलोऱ्यात पाणी तोडायचे, कोणाला दाणे भरले ते पाहायचे आणि त्या सगळ्यांत कोणती खूण सारखी आहे ते तपासायचे. खूण सापडली की पुढच्या पिढ्यांत लोंबी येईपर्यंत थांबावे लागत नाही. कोवळ्या पानाचा तुकडा प्रयोगशाळेत नेला की निळा दरवाजा आहे की नाही ते कळते. यात दुसऱ्या प्राण्याचे किंवा जिवाणूचे जनुक घातले जात नाही. भाताचाच गुण भातात आणला जातो.

२००७ मध्ये बाराव्या गुणसूत्रावरचा असा एक मोठा पट्टा जाहीर झाला. वंदना ही हजारीबागची, पावसावर पिकणारी जात आणि वे रारेम ही इंडोनेशियाची जात, यांच्या संकरातून तो मिळाला. दोघींत वंदना जास्त काटक. पण तो उपयोगी पट्टा आला वे रारेमकडून, म्हणजे दुष्काळात डावी ठरणाऱ्या जातीकडून! कोणाच्या अंगात कोणता गुण दडलेला आहे हे वरून पाहून ठरवता येत नाही, याचा पुरावा प्रयोगशाळेतही मिळाला म्हणायचा.

हजारीबागच्याच केंद्राने आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर "सहभागी धान" हे वाण काढले. २०१० च्या सुमारास ते झारखंड-ओडिशातल्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले, पुढे बांगलादेशात ब्री धान ५६ या नावाने. नावातच सहभाग आहे, कारण चाचण्या शेतकऱ्यांच्या रानात, त्यांच्या डोळ्यांदेखत झाल्या. साधारण १०५ दिवसांत येते, मूळ खोल जाते. इथे निवडीची पद्धतही बदलली होती. त्याआधी शास्त्रज्ञ पान किती गुंडाळते, मूळ किती जाड, अशा लक्षणांवर निवड करत. आता सरळ प्रश्न विचारला गेला : पाणी तोडल्यावर पोत्यात किती आले? शेतकरी तेच विचारतो. अशा वाणांना दुष्काळी वर्षी हेक्टरी साधारण आठ ते बारा क्विंटल जास्त मिळतात, असे या कामातल्या संशोधकांचे सांगणे आहे. चांगल्या पावसात मात्र ती इतरांच्या बरोबरीने चालतात, चमत्कार करत नाहीत.

२०१४ मध्ये आयआर ६४ मध्येच दोन पट्टे बसवलेले डीआरआर धान ४२ आले. शेतकऱ्याच्या ओळखीची जात, ओळखीचा भात, फक्त आतून काटक. मूळ खोल नेणारे एक जनुकही जपानी शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवले. फिलिपिन्सच्या डोंगराळ भागातल्या एका जुन्या जातीतले हे जनुक मुळांचा कोन बदलते, मूळ आडवे पसरण्याऐवजी खाली उतरते. हिंदमाताकरांना जवळचे वाटेल असे काम दुसऱ्या टोकालाही झाले आहे. ओडिशाच्या एका पारंपरिक जातीत, पाण्याखाली पंधरवडाभर बुडून राहिले तरी जिवंत राहण्याचा गुण सापडला आणि त्यातून २००९ मध्ये स्वर्णा-सब १ हे वाण आले. पुढे कटकच्या संस्थेने बुडीत आणि कोरड दोन्ही सोसणारी सीआर धान ८०१ आणि ८०२ ही वाणे काढली. एकाच हंगामात जुलैला बुडायचे आणि सप्टेंबरला करपायचे, अशा शेतांसाठी ही दुहेरी सोय आहे.

आता सगळ्यात जास्त वाद ज्याचा होतो ते तंत्र. ४ मे २०२५ ला केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जनुक-संपादित भाताची दोन वाणे जाहीर केली : हैदराबादच्या संस्थेचे "कमला" आणि दिल्लीच्या पुसा संस्थेचे "पुसा डीएसटी राईस १". यात बाहेरचे जनुक राहत नाही. क्रिस्पर नावाची रेणूंची कात्री रोपाच्याच जनुकातल्या एका ठिकाणी काप देते आणि रोप तो काप सांधताना एक-दोन अक्षरे गाळते किंवा चुकवते. जनुक बंद पडते. ज्या दोघींनी ही कात्री तयार केली त्यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

पण एखादे जनुक बंद पाडून रोप काटक कसे होईल? पानांवर डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रे असतात. त्यांतून हवा आत जाते आणि वाफ बाहेर पडते. छिद्राच्या कडेच्या पेशींत हायड्रोजन पेरॉक्साइड साठले की छिद्र मिटते. डीएसटी हे जनुक ते साठू देत नाही, म्हणजे छिद्रे उघडी ठेवायला मदत करते. २००९ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी हे शोधले. हे जनुक बंद केले तर छिद्रे कमी राहतात, जास्त मिटतात आणि पाणी वाचते. शिवाय याच जनुकाच्या हाताखाली दुसरे एक जनुक चालते, जे लोंबीतल्या दाण्यांची संख्या आटोक्यात ठेवते. "कमला"मध्ये हेच दुसरे जनुक थेट संपादित केले आहे. मात्र छिद्र मिटले की पाणी वाचते तसा हवेतला कार्बनही आत येत नाही आणि पान तापते. फुकट काहीच मिळत नाही. म्हणून असे वाण एका हंगामावर, एका ठिकाणावर जोखता येत नाही.

"पुसा डीएसटी" ज्या एमटीयू १०१० या जातीपासून बनवले, ती आपल्या पूर्व विदर्भातही लावली जाते, त्यामुळे हे दूरचे प्रकरण नाही. जाहीर करताना सरकारने जे आकडे दिले, ते क्षारपड आणि चोपण जमिनीतल्या वाढीचे होते : ९.६६ ते ३०.४ टक्के. नावात दुष्काळ असला तरी पुढे ठेवलेला आकडा मिठाचा. कोकणच्या खार जमिनीसाठी तो कामाचा ठरू शकेल. पण भंडाऱ्याच्या कोरड्या बांधीसाठी त्या आकड्यावरून निष्कर्ष काढणे घाईचे होईल.

३० मार्च २०२२ च्या केंद्राच्या आदेशाने, बाहेरचे जनुक नसलेल्या अशा संपादित वाणांना जीएम पिकांच्या कडक नियमांतून सूट मिळाली. समर्थकांचे म्हणणे असे, की निसर्गातही असे बदल घडतात. ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र कित्येक वर्षे किरणांचा मारा करून पिकांत बदल घडवत आहे आणि ते कोणाला खटकले नाही. विरोधकांचे म्हणणे असे, की चाचण्यांची सगळी माहिती लोकांपुढे ठेवा आणि क्रिस्परच्या परदेशी पेटंटचे काय ते स्पष्ट करा. मला विचाराल तर पहिला मुद्दा शास्त्र म्हणून मला पटतो, पण त्याने दुसऱ्याचे उत्तर मिळत नाही. बियाणे सरकारी संस्थेत तयार झाले, आपल्या करातून झाले, तर त्याची वही आपल्याला उघडून दाखवण्यात अडचण कसली? आणि उद्या शेतकऱ्याला ते साठवून पुन्हा पेरता येईल का, हे आजच लेखी सांगायला हवे.

हा प्रश्न उगाच काढलेला नाही. दादाजी रामाजी खोब्रागडे हे नाव आपल्या घरांत ठाऊक असायला हवे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे, दलित समाजातले, तिसरीपर्यंत शिकलेले, तुटपुंज्या जमिनीचे धनी. १९८३ मध्ये पटेल-३ जातीच्या आपल्या शेतात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणा बारीक, रंग पिवळसर. त्यांनी त्या प्लास्टिकच्या पिशवीत जपल्या आणि पुढच्या वर्षी शेताच्या मधोमध पेरून भोवती काट्या लावल्या, रानडुकरांनी खाऊ नये म्हणून. दर वर्षी निवड करत त्यांनी ते बियाणे वाढवले. बाजारात त्या तांदळाला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी हे नाव पडले आणि तो देशभर गेला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने १९९४ मध्ये त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८ मध्ये पीकेव्ही एचएमटी नावाने वाण प्रसारित केले. आपण ते शुद्ध करून सुधारले, ही विद्यापीठाची बाजू. मूळ निवड आपली, त्याचे श्रेय आणि मोबदला मिळाला नाही, हे दादाजींचे दुःख. २०१० मध्ये फोर्ब्सच्या यादीत नाव आले, पण हलाखी सुटली नाही. ३ जून २०१८ ला ते गेले.

दादाजींनी काही दुष्काळी वाण काढले नव्हते, बारीक तांदूळ काढला. पण हजारीबागला किंवा हैदराबादला जे होते त्याची पहिली पायरी हीच : हजार लोंब्यांत वेगळी लोंबी दिसणे. जनुकाची खूण शोधणारे यंत्र नंतर येते. शिवाय यंत्राला जे गुण सापडतात ते सापडतात जुन्या जातींत, ज्या कोणीतरी मडक्यात, कणगीत जपल्या म्हणून उरल्या.

कायद्याने काय आहे? २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ नुसार शेतकरी आपल्या शेतातले बियाणे साठवू, पेरू, वाटू, अदलाबदल करू आणि विकूही शकतो. अट एवढीच की संरक्षित वाणाचे बियाणे ब्रँडच्या नावाने विकायचे नाही. शेतकऱ्याने स्वतः काढलेले वाणही त्याच कायद्याखाली त्याच्या नावावर नोंदवता येते. हे हक्क आपल्याकडच्या कितीजणांनी वापरले, हा वेगळा विषय.

येत्या मे महिन्यात गावी कोणी बियाणे घेणार असेल आणि दुकानदार "हे दुष्काळात चालते" म्हणत असेल, तर फोनवर एवढे विचारायला सांगा. वाण किती दिवसांचे? आपल्या राज्यासाठी शिफारस आहे का? सरळ वाण की संकरित? सहभागी धानासारखे सरळ वाण असेल तर निवडक लोंब्यांचे बियाणे ठेवून पुढची दोन-तीन वर्षे चालवता येते. संकरित असेल तर दर वर्षी पैसे मोजा. पिशवीवर प्रमाणित बियाण्याचा निळा टॅग आहे का ते पाहा, हिरवा टॅग म्हणजे फक्त विक्रेत्याची स्वतःची हमी. पावती आणि टॅग कापणीपर्यंत जपा, उगवण झाली नाही तर तक्रारीला तेच लागते. आणि पहिल्या वर्षी सगळे शेत नव्या वाणाखाली घालू नका. एका बांधीत लावा, शेजारी जुने ठेवा.

बियाण्याने पाणी तयार होत नाही, हेही त्यांना माहीतच आहे. काटक भातही महिनाभर कोरडे राहिले तर मरते. पूर्व विदर्भातले मालगुजारी तलाव गाळाने भरलेले असतील तर डीआरआर ४२ काय आणि पुसा डीएसटी काय, फार तर दहा-पंधरा दिवसांची मुदत मिळवून देतील. पोटरीतल्या भाताला मात्र तेवढे दहा-पंधरा दिवस पुरतात.